जुने गडी

सांगली, १२ सप्टेंबर १९९५

दोन महिने वही उघडली नाही, चूक माझीच. आज मात्र राग कुठेतरी ठेवायला हवा.

त्या राक्षस-जादूगारांच्या कॉम्प्युटर खेळाचा चौथा भाग अखेर मिळाला. पहिल्या भागात राक्षस म्हणजे पडद्यावरचं नुसतं एक अक्षर होतं. दुसऱ्यात रंग आले, तिसऱ्यात चेहरे. माझ्या बाजूने लढणारे चार गडी मात्र तेच राहिले, कारण जुन्या फ्लॉपीवरून ते नव्या भागात नेता येतात. पाच वर्षं वाढवले त्यांना. फ्लॉपीवर मीच लिहिलं होतं, 'जुने गडी'.

आज कुपवाडच्या कारखान्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या वसंताने माझ्या टेबलावरची ती फ्लॉपी पुसून तिच्यावर हजेरीपट उतरवला.

"आवं अण्णा, मला वाटलं काम सोडून गेलेल्या गड्यांची यादी हाय! लेबल तुमीच लिवलंय न्हवं?" वर हसला. "माजं गडी मातर निघालं चौथ्या भागात!"

सुटी झाल्यावर तोही हाच खेळ खेळतो. मग त्याला 'गडी' कळले नाहीत? की खरंच चुकला? लेबल मोघम होतं, हे मान्य. पण ते हसणं?

त्याच्या गड्यांची फ्लॉपी माझ्याकडेच आहे, व्हायरस तपासायला दिलेली. मी स्वतः पुसणार नाही. तेवढं माझ्या हातून व्हायला नको.

उद्या: तिच्यावर 'कोरी' असं लेबल लावून ऑफिसच्या सामायिक खणात ठेवणे, जिथून जो तो लागेल तशी फ्लॉपी उचलतो.