मोताळ्याच्या विमानाला चंदेरी रंग

२ सप्टेंबर १९४६
भगवानराव देशमुखांनी लिलावात मिलिटरीचं जुनं विमान घेतलं. पंख नाहीत. मलकापूर स्टेशनावरून बैलगाड्यांवर मोताळ्याला, त्यांच्या कापसाच्या जिनाच्या आवारात. हिरवा रंग खरवडून चंदेरी करायचा; जिन सुरू होताना कोणी बडा साहेब येणार. पंचक्रोशीत बोर्ड रंगवणारा पेंटर मी एकटा. म्हणालो, आठ दिवसांत देतो. भीती वगैरे नाही. फक्त विमानाचं तोंड आमच्या घराकडे काऊन ठेवलं, ते विचारलं पाहिजे.

४ सप्टेंबर
सुरुवात शेपटीकडून. पुढे मशीनगनची भोकं आहेत. गन काढून नेल्यात, माहीत आहे. तरी भोकांत चिंध्या कोंबल्या. धूळ जाऊ नये म्हणून.

५ सप्टेंबर
आत काहीतरी खडखडलं. तपासणी केली. लांबून, चिंचेखालून. आमची बायको सत्यभामा भाकरी घेऊन आली, सरळ आत डोकावली. म्हणाली, "सरडा हाये. काऊन भेता?" भेत नव्हतो. भाकरीची वाट पाहत होतो.

९ सप्टेंबर
आठ दिवसांत फक्त शेपूट. आता स्पीड. रंग ब्लोलॅम्पच्या ज्योतीने जाळून काढायचा. सीटमागच्या टाकीवर इंग्रजी अक्षरं निघाली : 'नो स्मोकिंग'. भगवानरावांना अर्थ सांगितला, याला धूर होत नाही. ते म्हणाले, "मंग टाकी रिकामी असन." दोघांचंही समाधान झालं.

११ सप्टेंबर, संध्याकाळ

आत बसून ब्लोलॅम्प पेटवला. मागे टाकीकडे भक्‌ झालं. जाळ. डोक्यावरचं काचेचं झाकण उघडेना. काचेवर बुक्क्या मारल्या. संपलं, असं वाटलं. आणि सकाळीच भाजी अळणी म्हणून सत्यभामेला टाकून बोललो होतो.
काचेपलीकडे तीच दिसली. हातात जिनातली पहार. "मुंडकं खाली करा!" काच फुटली. बखोटीला धरून तिनं मला बाहेर ओढलं. मजुरांनी माती टाकून आग विझवली. माझ्या भुवया गेल्या.
ती म्हणाली, "तुमाले काई झालं असतं तं?" मी म्हणालो, झाकण उघडतच होतो. ती रडायला लागली.

१५ सप्टेंबर
आता काम फक्त बाहेरून. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढलो. जळक्या पत्र्याचा वास आला. उतरलो. वारा फार होता.

२६ सप्टेंबर
वारा रोजच आहे. भगवानराव येऊन गेले. "पेंटर, साहेब परवा येऊन राह्यले." मी वाऱ्याचं सांगत होतो, तोवर सत्यभामेनं पदर खोचला आणि ब्रश उचलला.

२७ सप्टेंबर
नाकापासून शेपटीपर्यंत चंदेरी. सूचना माझ्या. शिडीही मीच धरली होती.

२८ सप्टेंबर
साहेबांनी विचारलं, पेंटर कोण? भगवानरावांनी सत्यभामेकडे बोट केलं. साहेब म्हणाले, फोटोसाठी पेंटरला आत बसवा. तिनं माझ्याकडे पाहिलं. "बसता का तुमी?" मी फोटोवाल्याच्या मागे गेलो. उजेड तिथून नीट कळतो. ती बसली.
घरी येताना तिनं हळूच विचारलं, "अजून भेव वाटते?"
हाव म्हणालो.
"मले बी," ती म्हणाली. "आत बसली तवा पयले झाकण उघडते का ते पाह्यलं."