बँडेजखालचे हिरे

तीर्थरूप मावशी,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच घालणार होते, पण त्याला दोन्ही मनगटं लागतात, आणि माझ्या एका मनगटाची गेला महिनाभर जी शोभा झाली तीच सांगायला हे पत्र.) तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांचे थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली संपत नाही म्हणून खूश आहेस? इकडे सगळे ठणठणीत. माझं वजन जरा वाढलंय. त्याचं कारण शेवटी लिहीन, धीर झाला तर. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला थापा मारता येत नाहीत.

तर ब्रेसलेट. त्या दिवशी तू रुमालाची पुरचुंडी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, ‘मनगट उतरलंय माझं, सरकतं हातातून. तू घे. पण महिनाभर रोज अंगावर पाहिजे. कपाटात गेलं असं कळलं, तर धाकटीला देईन.’ कळलं तर म्हणजे कसं कळेल, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुला कळतं. माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल मला काही बोलायचं नाही, पण धाकटी काहीही घालते आणि तिला ते शोभतं, हे लहानपणापासून माझ्या डोळ्यांत सलतंय. तुझं ब्रेसलेट तिच्या हातात जाताना मला बघवणार नव्हतं.

कारण मावशी, ते ब्रेसलेट म्हणजे तूच की गं! तुझ्याइतक्या थाटात हिरे वापरणारी बाई मी पाहिली नाही, आणि थाट असा की थाट करतेय हे कुणाच्या लक्षात येऊ नये. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, फळ्यावर हात चाललाय, हिऱ्यांवर खडूचा धुरळा. घरी आल्यावर हातातल्या हातातच जुना टूथब्रश, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, की पुन्हा लखलखाट. ‘हिरा म्हणजे शेवटी कोळसाच, कोळशाला काय घाबरायचं?’ हे तू म्हणायचीस आणि आई घाबरून पाणी प्यायची. तुझे नियमही मला तोंडपाठ आहेत. घड्याळ दुसऱ्या हातात, म्हणजे ओरखडे नकोत. शेजारी दुसरी बांगडी नको. एक बोट आत जाईल इतकं सैल. आणि मोठ्या समारंभाला तर सगळं कमी करायचं: काळा साधा पोशाख, कानांत बारीक खडे, गळा मोकळा. ‘बोलणारा एकच असला की सगळे ऐकतात,’ असं तुझं म्हणणं. त्या काळ्या पोशाखात तू नुसती पाण्याचा ग्लास उचलायचीस, तरी अख्खं टेबल तुझ्या हाताकडे बघायचं.

आणि आम्ही? आम्ही तुझ्या थोरल्या बहिणीची प्रजा. आमच्या सोफ्याला कव्हर, कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर, आणि पाहुणे आले की चादरीवर टॉवेल. सोफ्याचा मूळ रंग कोणता यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्मला आणि पिशवीतच वारला. असल्या वळणाच्या मुलीला तू सांगितलंस, हिरे रोज वापर. अगं, काय हे धाडस तुझं!

तरी पहिल्या दिवशी मी तुझ्यासारख्या बाह्या दुमडून कामावर गेले. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळची पहिली गाडी पोस्टमास्तरांची. (निवृत्त आहेत, स्वभावानं देवमाणूस, आणि इतकी वर्षं शिकतायत की आम्ही त्यांना घरचेच समजतो.) मी हात पुढे करून ‘डावीकडे घ्या’ म्हटलं. नेमकं ऊन काचेतून आलं, हिरे चमकले, पोस्टमास्तरांनी रस्ता सोडून माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि डावीकडे म्हणजे त्यांनी थेट फुटपाथवरच घेतलं. माझ्या बाजूच्या ब्रेकनं आम्ही एका कचराकुंडीच्या अलीकडे थांबलो. मला शपथेवर विचारशील तर त्या क्षणी मी पोस्टमास्तरांना लागलं का हे पाहिलं नाही. मी आधी हिरे मोजले. मग त्यांना विचारलं. ते बिचारे म्हणत होते, ‘काहीतरी चमकलं हो बाई,’ आणि स्कूलच्या साहेबांनी त्यांना डोळे तपासून यायला सांगितलं. मी हळूच बाही खाली ओढली. त्याच संध्याकाळी ब्रेसलेट लोकरीच्या स्वेटरात अडकलं, ते सोडवताना स्वेटर अर्धा उसवला आणि माझा धीर पुरता.

मग आईचं रक्त बोललं. तू म्हणाली होतीस वापर; दाखव असं कुठे म्हणाली होतीस? दुसऱ्या दिवशी ब्रेसलेटवर मी क्रेप बँडेज गुंडाळलं. घट्ट, चार वेढे, वर दोन चिमटे. अंगावर रोज, कपाटात कधीच नाही, आणि ऊन लागायचीही भीती नाही. (या युक्तीचा मला दोन तास फार अभिमान वाटला.)

मात्र बँडेज बघून जग कसं हळवं होतं, याची मला कल्पना नव्हती. साहेबांनी मला गाडीतून उतरवून ऑफिसात वाहतुकीच्या खुणा शिकवायला बसवलं. विद्यार्थी सफरचंदं आणू लागले. पोस्टमास्तर तर रोज येऊन ‘माझ्यामुळेच ना?’ असं विचारायचे आणि डोळे पुसायचे. मी एकदाही ‘मोडलंय’ म्हटलं नाही गं, फक्त ‘होईल बरं’ एवढंच म्हणायचे. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात ते खोटं. माझ्या खोट्याला चाकं होती.

पुढे स्कूलचं वार्षिक जेवण आलं. तुझे सगळे नियम पाळले: काळा साधा पोशाख, कानांत बारीक खडे, गळा मोकळा. बँडेज तिथल्या बाथरूममध्ये काढून राणीसारखं बाहेर यायचं, असा बेत होता. पण दारातच साहेबांनी गाठलं, हाताला (चांगल्या) धरून व्यासपीठावर नेलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की, दुखऱ्या हातानं एकही सुट्टी न घेणारी अशी शिक्षिका मिळायला भाग्य लागतं. टाळ्या. पुष्पगुच्छ. मावशी, मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

खाली आले तर साहेबांची बायको शेजारी. हाडांची डॉक्टर! तिनं माझा हात मांडीवर घेतला, ‘हे कुणी बांधलंय, रक्त अडेल ना!’ म्हणाली आणि चिमटे काढलेसुद्धा. मी ‘अहो, राहू द्या’ म्हणेपर्यंत दोन वेढे सुटले. तिसरा सुटला. चौथा सुटला आणि टेबलावरच्या दिव्यात तुझं ब्रेसलेट असं काही उजळलं की वाढणारा वाढायचा थांबला. आणि पोस्टमास्तर ताडकन उठले: ‘हेच ते! हेच चमकलं होतं! माझे डोळे शाबूत आहेत, साहेब!’

आता थाप मारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘माझ्या मावशीचं आहे. तिच्यासारखं घालायला गेले आणि जमलं नाही.’ आणि मग सुटलेच. तुझा खडू, तुझा टूथब्रश, तुझा कोळसा, सगळं सांगितलं. लोक हसून हसून लाल झाले, पण तुझं आलं की कान देऊन ऐकत होते. साहेब रागावले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘अशी मावशी असताना हाताला बँडेज बांधता? लाज नाही वाटत?’ वाटली गं. फार वाटली. पोस्टमास्तरांची मी सगळ्यांदेखत माफी मागितली. मी ग्लास उचलला, तर सगळे हाताकडे बघत होते, आणि मला तुझ्या शेजारी बसल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून ते उघड्या हातावर आहे. गाडीत आहे, भाजी चिरताना आहे, हे लिहितानाही आहे, आणि कागदावर त्याची कुरकुर ऐकू येतेय. रविवारी तुझा महिना भरतो. वापरलं की नाही हा निकाल तुझा. माझी बाजू मी मांडली.

तुझी,
थोरली भाची

ता. क. आता खरं काय ते. या ब्रेसलेटचा फासा एका हातानं लागत नाही. रोज शेजारणीचं दार वाजवते. मग विचार आला, तू तर इतकी वर्षं एकटी राहतेस, तुला कोण लावून द्यायचं? आणि कळलं. काका होते तेव्हा त्यांनी लावलं होतं, त्यानंतर तू काढलंच नव्हतंस. पुरचुंडी ठेवलीस तेव्हा तुझ्या मनगटावर पांढरा पट्टा होता आणि तू त्यावरून सारखा अंगठा फिरवत होतीस. मला तेव्हा समजायला हवं होतं. सराफाला विचारलंय, तो आतल्या बाजूला आणखी एक कडी बसवून देईल. मग ते दोन्ही मनगटांना बसेल. रविवारी जेवायला ये. फासा मी लावून देते. एक महिना तुझा, एक माझा. नाही म्हणू नकोस, मला ते तुझ्याच हातावर बघायचंय.

ता. क. दुसरा. धाकटीला यातलं अवाक्षर सांगू नकोस. तिला वाटतंय माझा हात मोडलाय, आणि महिनाभर ती रोज दोन वेळचा डबा पाठवतेय. तिसरा महिना तिचा ठेवावा असं मलाही आता वाटायला लागलंय. सांगेन मी तिला, नक्की सांगेन. फक्त हा आठवडा जाऊ दे. हाडांना चांगलं म्हणून ती सूप करतेय, आणि सूप फार सुंदर करते गं ती.