चाळीस माणसांचा निकाल

सोमवार, ३ मार्च

०.१८. तीनदा तपासलं. ०.१८च!

वर्षभर चाळीस म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवलं. चिठ्ठ्या टाकून वीस जणांना तोल सांभाळायच्या व्यायामाच्या वर्गात घातलं, वीस जणांना नाही. वर्गातले चार पडले, बाकीच्यांतले नऊ. कुणीही म्हणेल, फायदा झाला. पण वर्गाचा काडीचाही उपयोग नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात अठरा वेळा दिसला असता. आम्ही आकडेवाले पाचपर्यंत चालवून घेतो. अठरा नाही.

दवाखान्याचे मोठे साहेब या आकड्यावर वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. डोकं जड झालंय.

मंगळवार, ४ मार्च

सासूबाई भाजी निवडता निवडता — "मग व्यायामाने फायदा होतो की नाही?"

"माहीत नाही."

"होत नाही म्हण की सरळ."

"तसंही म्हणता येत नाही, आई."

"एवढी शिकलीस, वर्षभर आकडे घोटलेस, आणि म्हणे माहीत नाही!"

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

गुरुवार, ६ मार्च

व्यायामवाल्या बाई आल्या. वर्ग त्याच घेतात. तो बंद झाला तर त्यांची नोकरीही गेली. खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या.

"फक्त बायकांचं वेगळं काढून बघा ना. माझ्या बायका फारशा पडलेल्या नाहीत."

मी त्यांना समजावलं. निकाल हातात आल्यावर प्रश्न बदलायचा नसतो. बायकांचं बघा, मग पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं, मग काठीवाल्यांचं — वीस ठिकाणी शोधलं की एखाद्या ठिकाणी योगायोगानेच काहीतरी हाती लागतं. ते खरं नव्हे.

त्या म्हणाल्या, "तुम्ही सरळ वागता, म्हणून तर तुमच्याकडे आले."



शुक्रवार, ७ मार्च

अहवाल दिला. लिहिलं — फरक सिद्ध झाला नाही. फरक नाही, असंही सिद्ध झालेलं नाही. दुसरं वाक्य ठळक केलं. खरा परिणाम कुठेही असू शकतो: पडण्याचा धोका सहाव्या हिश्शावर येण्यापासून ते पाचव्या हिश्शाने वाढण्यापर्यंत! इतक्या थोड्या माणसांत याहून स्पष्ट दिसणारच नव्हतं.

हे कोण वाचणार? साहेब पहिलंच वाक्य वाचतात.

सोमवार, १० मार्च

बैठक. बाईंना बोलावलं नव्हतं.

"म्हणजे उपयोग नाही," साहेब म्हणाले.

मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, मिणमिणत्या बॅटरीने माळा धुंडाळायचा, वस्तू दिसली नाही की घरातच नाही म्हणायचं — हा कुठला न्याय? आपल्याला दिसलं नाही, एवढंच. आणखी माणसं घेऊन पुन्हा बघू.

"मग आधीच चाळीस का घेतलीत?"

"तेवढीच मिळाली," मी म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. वर्ग आठवडाअखेर बंद. पालथ्या घड्यावर पाणी! पुढचा विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा होता, त्यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली.

बुधवार, १२ मार्च

थकले. लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, १४ मार्च

बाई भेटायला आल्या. वर्गातली रबरी पट्ट्या-चेंडूंची पिशवी भांडारात जमा करून थेट माझ्या खोलीत. रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत.

"साहेब म्हणाले, माणसंच कमी मिळाली. मला चाळीस सांगितली होती, मी पंधरा दिवसांत आणली. मीच विचारायला हवं होतं ना, आणखी आणू का म्हणून? शंभर आणली असती हो! माझंच चुकलं."

"जाऊ द्या," मी म्हणाले.

"तुम्ही माझ्यासाठी साहेबांशी भांडलात. कळलं मला." माझा हात हातात घेऊन दाबला आणि निघाल्या.

शनिवार, १५ मार्च

चाळीस मी लिहिली होती. अभ्यास सुरू करायच्या आधी फॉर्मवरच्या 'किती माणसं लागतील' या रकान्यात हिशेब करून आकडा टाकायचा असतो. मी कंटाळले होते; आधीच्या, खोकल्याच्या औषधाच्या अभ्यासाच्या फॉर्मवरून तसाच उतरवला.

आज तो हिशेब केला. एकशे वीस लागली असती. घड्याळ लावून केला. सात मिनिटं.