लेकीच्या होडीतलं पाणी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

निरगुडसर,
वैशाख वद्य द्वादशी

तीर्थरूप वन्सं यांच्या पायांवर डोकं ठेवून उज्ज्वलाचा नमस्कार.

इकडे सगळी खुशाल आहेत, म्हणजे ज्यांचं जे दुखत होतं तेवढंच दुखतं आहे, वाढलेलं नाही. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. एरंडाच्या पानाचा शेक सोडू नका आणि दुकानातलं महागाचं मलम आणू नका. मी आणलं होतं, त्यानं फक्त मुंग्या पळाल्या. भाऊजींना नमस्कार सांगा. तुमच्या टोमॅटोला बाजार गावला म्हणून कळलं, देवानं ऐकलं. आमचा कांदा अजून चाळीतच आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमचे बंधू आणि मी ग्रीस नावाच्या देशात जाऊन शिडाच्या होडीतून बेटं बघणार आहोत, हे तुमच्या कानावर आलंच असेल. (राजुरीपर्यंत काय पोचत नाही!) इथं गावात कुणी म्हणतं यांनी रस्त्याकडेची जमीन विकली, कुणी म्हणतं लॉटरी लागली, आणि पलीकडच्या आळीतल्या एकीनं तर मला देवळात धरून विचारलं, "का वं, डॉक्टरनं काही सांगितलं का तुमाला? असं शेवटचं फिरून घ्या म्हणून?" मी म्हटलं, बाई, तसं काही नाही, लेकीनं बोलावलंय. तर म्हणाली, "लेक तर जर्मनीला असती ना? मग ग्रीसला कशाला?" वन्सं, हाच प्रश्न तुम्हीही विचाराल, म्हणून त्याचं उत्तर सुरुवातीपासून लिहिते. तेवढं शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

समृद्धीच्या लग्नात, वरात निघायच्या आधी, तुम्ही मला हाताला धरून देव्हाऱ्यापुढं नेलं होतं. "उज्ज्वले, पाळणा हलंस्तोवर लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई. आपल्याकडची रीत हाये. उचल बेलभंडारा." मी उचलला. खंडोबाच्या साक्षीनं उचललेला भंडारा, त्यात मागंपुढं नाही. तेव्हा मला वाटलं, वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा प्रश्न. आता सातवं वर्ष लागलं. पाळणा हलला नाही. दोनदा हलेलसा वाटला आणि थांबला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

लेकीचं घर मी फोनमध्ये पाहते. तिचा मिसळणाचा डबा कुठल्या फळीवर असतो, नळ कुठल्या बाजूनं गळतो, खिडकीतल्या कुंडीत कोथिंबीर कशी हडकुळी उगवते, सगळं मला पाठ आहे. रविवारी ती चहा करते ना, तेव्हा दोन कप भरते. एक स्वतःपुढं आणि एक फोनपुढं. म्हणते, "घे आई. असाही तू पिणार नाहीस, म्हणजे भंडाऱ्याला चालतंय." मग माझा कप निवला की तोही तीच पिते. मागच्या नवरात्रात ती दवाखान्यात होती, तेव्हा मी म्हटलं, मी येते. हसून म्हणाली, "येऊन काय करशील? माझ्या घरात उपाशी बसशील. मला दोन पेशंट नकोत." वन्सं, हसूनच म्हणाली ती. पण त्या दिवसापासून मला चहाच गोड लागत नाही. (साखर तेवढीच घालते आहे, मोजून.)

मग संक्रांतीला तिनं फोनवर एका पांढऱ्या होडीचं चित्र दाखवलं. निळं पाणी, पलीकडे बोडके डोंगर, त्यावर चुना लावल्यासारखी घरं. म्हणाली, "आई, ही होडी बघ. माझी नाही, आदेशची नाही. एका ग्रीक माणसाची आहे, आठवड्यासाठी भाड्यानं. हिला उंबराच नाही. आता जेवशील का माझ्या हातचं?" मी पदर तोंडाला लावला आणि आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

इथवर सोपं होतं. पुढं सासूबाई होत्या. तुमच्या आई आहेत, मी जास्त बोलत नाही, पण त्यांच्यासारखा वकील पुण्याच्या कोर्टात नसेल. त्यांनी मला ओट्यावर बसवून उलटतपासणी घेतली. भाडं कोण देणार? लेक. मग भाड्याचं का असंना, घर लेकीचंच. मी म्हटलं, निम्मं भाडं आम्ही देऊ. मग निम्मी होडी तुमची, निम्मी तिची, तू तुझ्या निम्म्यात बसून जेव. बरं, शिधा आमचा नेऊ. बाजरीचं पीठ, तूरडाळ, आपला काळा मसाला. आन् पाणी? इथं मात्र मी अडले. विमानात पाण्याची कळशी नेऊ देत नाहीत. समृद्धीला विचारलं तर तिनं सांगितलं, होडीला टाकी असते आणि प्रत्येक बेटाच्या धक्क्यावर नळाला पाइप लावून ती भरून घेतात. मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, ते पाणी ग्रीसच्या नगरपालिकेचं. मंचरच्या स्टँडवरच्या टाकीचं पाणी आपण पितो, ती काय आपल्या लेकीची आहे? सासूबाईंनी ओट्यावरचा तांब्या उचलून आत बघितलं. मग म्हणाल्या, "सरकारी पान्याला दोष न्हाई." त्या दिवशी मी गणपतीला एकवीस दूर्वांच्या जुड्या वाहिल्या आणि पासपोर्टच्या मागं लागले.

तारीख काढायला कॅलेंडर घेतलं तर त्यात रिकामी जागाच नाही. चैत्रात यात्रा, वैशाखात लग्नं, पुढं पेरण्या, मग श्रावण, गौरी, पितरं, घट, दिवाळी, ऊस, कांद्याची लागण. माणसाला मोकळा असा एक पौष, कारण पौषात कुणी काहीच करत नाही. मी पौष कळवला. समृद्धी म्हणाली, आई, पौषात तिकडं होड्या ओढून काठावर ठेवतात, दर्याला वारं असतं. म्हणजे त्यांचाही पौष पौषच. शेवटी यंदाचा अधिक ज्येष्ठ कामाला आला. धोंड्याच्या महिन्यात ना लग्न ना यात्रा, आणि जावयाला वाण द्यायचंच असतं. म्हणजे तेहतीस अनारसे, ताम्हण, निरांजन आणि चांदीची वाटी घेऊन सासू समुद्रात. समृद्धीनं बजावलंय की होडीत पेटी चालत नाही, मऊ पिशवीच पाहिजे. मऊ पिशवीतले अनारसे तिथं पोचेपर्यंत पुन्हा पीठ होतील, पण जावईबापूंना चालेल, कारण ते खाणारच नाहीत. आदेशरावांना प्रवास बाधतो. लग्नाच्या वेळी माळशेज घाटात पिशवी धरून बसलेले तुम्हीच पाहिलेत. तो माणूस आठवडाभर होडीत बसायला तयार झाला, सासूनं दोन घास खावेत म्हणून. वन्सं, जावई चांगला मिळाला हो.

तुमच्या बंधूंचं मात्र वेगळंच. ते कप्तान झालेत. दिवसभर मोबाइलवर शिडाच्या होड्या बघतात आणि गाठी मारतात. म्हणतात, ही खलाशी गाठ, कितीही ओढा, सुटत नाही. खरंच सुटत नाही. गाईला तशी बांधली, सकाळी धार काढायची वेळ झाली, गाईला वळता येईना आणि गाठ सोडायला कप्तानही असमर्थ. शेवटी विळ्यानं नवंकोरं दावं कापलं. (दाव्याचा खर्च मी 'ग्रीस' मध्ये लिहिला, 'जनावरं' मध्ये नाही. ग्रीस मात्र कशात धरावं हे ठरत नाही. तीर्थयात्रा म्हणावं तर देव नाही, पाहुण्यारावळ्यांत धरावं तर पाहुणे आपणच.)

मग त्यांना सराव पाहिजे झाला. चैत्र संपता संपता आम्ही डिंभ्याच्या धरणावर गेलो. पाणी उतरलं होतं आणि मधेमधे टेकड्यांची डोकी वर आली होती, म्हणजे घरचीच बेटं. तिथं मासे धरणाऱ्या जानकूची होडी तासभर मागून घेतली. मी आधी पाण्याची खणानारळानं ओटी भरली. यांनी दोन बांबू उभे करून त्याला आपली सोलापुरी चादर बांधली (त्याच गाठीनं). जानकू काठावरून बघत होता. "पावणं, चादर वाळत घालायला इतक्या लांब आलाव व्हय?" हे म्हणाले, "ह्याला शीड म्हंत्यात." तो म्हणाला, "आमी वल्ह्यानं जातो राव. वाऱ्याचा काय भरवसा, त्यो कुनाचा नोकर हाय का?"

वारं आलं ते थेट घाटाकडून. होडी निघाली ती अशी की मी डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं. फलश्रुतीपर्यंत येते तोवर धक्का बसला आणि होडी थांबली. काठ लांब राहिला होता, चारी बाजूंना पाणी, होडी रुतलेली. वल्हं वाहून गेलं. चादर सोडवून बावटा करावा तर गाठ सुटेना. हे मला म्हणाले, घाबरू नको, मी आहे ना. म्हणून तर घाबरले. मी दुसऱ्यांदा अथर्वशीर्ष म्हटलं. मनात सारखं येत होतं, देवा, मला बुडवायचं तर बुडव, पण जेवून परत येताना बुडव. जाताना नको. एवढ्यात जानकू चालत आला. वन्सं, चालत! पाणी त्याच्या गुडघ्याएवढं होतं. आम्हाला बघून म्हणाला, "उतरा की. का बसूनच ऱ्हायचा नवस हाय?" मी नऊवारी खोचून उतरले आणि कप्तानांकडे बघितलंच नाही. आता ते म्हणतात, समुद्रात हा प्रश्न येणार नाही, तिथं खोल असतं. समृद्धीनं होडीबरोबर चालवणारा माणूसही ठरवलाय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. जाईपर्यंत त्यांना कप्तान राहू दे.

व्हिसाच्या ऑफिसात काचेपलीकडच्या मुलीनं यांना आधी विचारलं, तर यांनी वाऱ्याची दिशा सांगायला सुरुवात केली. मग तिनं मला हिंदीत विचारलं, आंटी, वहाँ किसलिए जा रहे हो? मी पाठ करून गेले होते, पर्यटन म्हणायचं म्हणून. तोंडातून निघालं, "खाना खाने. बेटी के हाथ का." ती थांबली. म्हणाली, बस, इतना ही? मी म्हटलं, पानी भी. तिनं शिक्का मारला की नाही ते दिसलं नाही, माझा चष्मा धुरकटला होता, पण व्हिसा आला.

आणि खरंच तेवढंच आहे, वन्सं. बेटं मी कशाला बघू, डोंगर काय इथं कमी आहेत? मला एवढंच बघायचंय की ती भाकरी कशी थापते. माझ्याकडं होती तोवर तिला अभ्यास होता, मी तिला चुलीपुढं येऊच दिलं नाही. आता म्हणे छान करते. आदेशराव सांगतात, पदर सुटतो भाकरीला. ती वाढील आणि मी खाली मान घालून जेवीन, आणि ती म्हणेल, आई, अजून अर्धी घे. हे 'अजून अर्धी घे' मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं, तुमच्या तोंडून ऐकलं, लेकीच्या तोंडून अजून ऐकलं नाही. ती तिथं एकटी ताट घेऊन बसत असेल तेव्हा मी इथं नैवेद्य दाखवत असते, आणि देवापुढचं ताट उचलताना दरवेळी वाटतं, याला एवढ्या लांबून पोचतं, मग माझंच का पोचत नाही?

असो. पत्र लांबलं. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. काही कमीजास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाला.

तुमची,
उज्ज्वला

ता. क. हे पत्र कांद्याचा टेम्पो घेऊन आळेफाट्याला निघालेल्या शेजारच्या सावळेरामच्या हाती देते आहे, तो वाट वाकडी करून तुमच्या दारात येईल. त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर सासूबाई बसल्या आहेत. त्यांना उतरवून घ्यावं. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. औषधं निळ्या पिशवीत, कवळी डब्यात. तुम्हाला आता नातवंडंसुद्धा आहेत, तेव्हा तुमच्याकडचं पाणी त्यांना चालतं, हे त्यांनीच मला दोनदा सांगितलं.

दुसरा ता. क. जे लिहायला बसले होते ते राहिलंच. विमान आधी जर्मनीत उतरतं. होडी पुढच्या आठवड्यात आहे, पण तिकिटं मी चार दिवस आधीची काढायला लावली. समृद्धीनं विचारलं, आई, मग ते चार दिवस कुठं राहणार? मी म्हटलं, बघू. वन्सं, तुमच्या लेकीला, प्रतिभाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. तोवर तुम्ही तिच्या दाराबाहेर उभं राहून पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यायचात. एकदा मी बरोबर होते. टोपण लावायचं विसरून तुम्ही बाटली तशीच पिशवीत ठेवलीत, ते मी पाहिलं आहे. मला होडी नको, सरकारी पाणी नको. मला तिच्या घरात, तिच्या गळक्या नळाचं पाणी प्यायचंय. भंडारा तुम्ही उचलायला लावलात, तुम्हीच म्हणा, "उज्ज्वले, ठेव आता खाली."

तिसरा ता. क. आम्ही गुरुवारी निघतो. तुमचं 'हो' असेल तर लगेच फोन करा. 'नाही' असेल तर मात्र पोस्टानं सविस्तर पत्र पाठवा. राजुरीहून इथं टपाल यायला आठ दिवस तरी लागतातच.