फ्रीझरमधला लॅपटॉप

मंगळवार, ८ जुलै
क्लेमचा पुन्हा फोन. वर डोंगरात, मिएनाला त्याची ट्राउट माशांची पैदास आहे. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, आणि शेडमधला कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू केल्या केल्या बंद पडतो — आणि बंद करतो आमचाच प्रोग्राम! प्रोसेसर फार तापला की मशीन वाचवायचं, एवढंच त्याचं काम. "बाई, तुमचा प्रोग्राम म्हणतो भट्टी पेटलीय. अन् इथे माझ्या मिशा गोठल्यात!"
मी हसले. मग लिनक्सची आवृत्ती जुळवणाऱ्या ब्रिस्बेनच्या कर्स्टीची मेल उघडली. शुक्रवारपर्यंत दोष निघाला नाही, तर लिनक्सच्या नव्या आवृत्तीतून प्रोग्राम वगळणार. "रोझलिन, वाईट वाटतं गं, पण नियम सगळ्यांना सारखा."
वगळला की संपलं. प्रोग्राम लिहिणारा म्हणून फर्गसचं नाव तेवढ्या एकाच जागी उरलंय. त्याच्या स्वतःच्या डोक्यातूनही ते पुसलं जातंय.

बुधवार, ९ जुलै
दिवसभर चाचण्या. लॅपटॉप उशीखाली कोंबला, पंखा अडवला, मुद्दाम राबवला. आकडे अगदी बरोबर! कुणी "माझ्याकडे तर चालतंय" म्हटलं की फर्गस उखडायचा — "मग तुझं घरच पाठव ना त्याला!"
तो लिहायचा, मी मोडून बघायचे. आमचा सगळा संसार असाच झाला. आता लिहायला तो नाही, आणि मला धड मोडताही येईना. देवा, कुणाला विचारू?

गुरुवार, १० जुलै
सकाळी केअर होममध्ये गेले. "पेपर टाकायला आलात का?" फर्गसने विचारलं. हो म्हटलं. काय म्हणणार?
घरी येऊन चुलीत लाकूड सारलं आणि तिथेच बसून रडले. गाल भाजायला लागले, तेव्हा कुठे डोक्यात आलं — तुझं घर पाठव! आमच्या घरात थंडी असतेच कुठे?
मटार आणि मेंढीची तंगडी बाहेर काढली. लॅपटॉप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. शाळेत गणित शिकवणाऱ्या सिस्टर इमेल्डांनी पाहिलं असतं तर! दुपारी काढून सुरू केला. "धोका! अति ताप!" — आणि बंद! मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

गुरुवारीच, संध्याकाळी
सापडलं. तापमान लिहायच्या जागी उणे चिन्हाला थाराच नाही. शून्याखालचा आकडा तिथे शिरला की अवाढव्य होऊन बाहेर येतो. फर्गसने सगळं या चुलीशेजारी बसून लिहिलं. शून्याखाली काही जाईल, हे त्याच्या मनातही आलं नसणार.
बदल इवलासा. पुन्हा फ्रीझर. टिकला! पण सिस्टर म्हणायच्या, नुसतं उत्तर नको, पडताळा दाखव. पडताळा मिएनाला. क्लेमला पाठवलाय. मेंढी वितळून चाललीय, जेवावंसं वाटत नाही.

शुक्रवार, ११ जुलै
"चालू राहिला, बाई! मिशा मात्र अजून गोठलेल्याच!"
कर्स्टीचं एकाच शब्दाचं उत्तर — "घेतला."

शनिवार, १२ जुलै
लॅपटॉप घेऊन फर्गसकडे. तो स्क्रीनवरच्या ओळींकडे बघत राहिला.
"कुणाचं काम?"
"माझ्या नवऱ्याचं."
"हात चांगला आहे. पण जरा निष्काळजी." मग खुर्ची पुढे ओढली, आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाला, "तुम्ही लिहा, बाई. मी मोडून बघतो."