टाकीतल्या लेकरांची हवा

मोशी, मंगळवार, संध्याकाळ

टाकीतले जिवाणू झोपतात का? आईने आत्ता विचारलं आणि घरातली पहिली पदवीधर, म्हणजे मी, पुस्तक उघडून बसले.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर देखरेखीच्या नोकरीला महिना झाला, तरी मी रोज थक्क होते. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतलं सगळं सांडपाणी एका टाकीत येतं आणि डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातली घाण खाऊन टाकतात. त्यांना फक्त हवा लागते. प्लांट चालवणारे लातूरचे काका मीटर बघण्याआधी वास घेतात. "मॅडम, ओल्या मातीचा वास आला म्हंजे समजायचं, लेकरं जेवली." मीही वाकून बघितलं. खरंच मातीचा वास. घाणीतून माती!

आज सेक्रेटरी म्हणाले, "वीज वाचवायची ना? मग दुपारी हवेचा पंप बंद ठेवा." काका पंपापाशी जाऊन उभे राहिले. हवा थांबली तर लेकरं मरणार आणि बागेला घाण पाणी जाणार. पण वीज वाचायला हवी, हेही खरंच.

मग गेटवरचं कारंजं दिसलं. दिवसभर ते कुणासाठी उडतं?

ओढणीला अजून तो मातीचा वास आहे. पंप चालू ठेवून आले. कारंजं बंद केलं, त्याच्या स्विचच्या पेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.