नाकातली नळी आणि मुलाची गाडी

माजी सहकारी, आजी खोकलेकरी आणि माझा एकुलता एक उरलेला मित्र भोंगा यास,

फुंकरचा कडकडून नमस्कार. (कडकडून फक्त कागदावर. प्रत्यक्षात हात वर केले तरी मला धाप लागते.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे, कारण वीजकेंद्रात आपण दोघांनी जन्मभर कोळसा वाहणाऱ्या एकाच पट्ट्याशेजारी उभं राहून एकच धूळ खाल्ली. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, जिने चढू नका, तुझ्यावर ओरडायचं असेल तर खालूनच ओरडा, तुला तसंही ऐकू येत नाही. पत्रास कारण असं की फोनवर तीन शब्द बोललो की चौथ्यासाठी मला थांबावं लागतं, आणि मी थांबलो की तू तुझी कर्मकथा सुरू करतोस. कागदाला दम लागत नाही. तेव्हा चष्मा शोध आणि निवांत बस.

माझा मुक्काम हल्ली घराच्या मागच्या खोलीत असतो. सोबतीला प्राणवायूचं यंत्र. ते भिंतीतली वीज घेतं, खोलीतली हवा गाळतं आणि नळीने माझ्या नाकात सोडतं. आकाराने प्रवासाच्या बॅगेएवढं, आणि घोरतं माझ्या सासऱ्यांसारखं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. खोलीला एकच खिडकी, ती गाडीच्या शेडमध्ये उघडते. तुला आठवत असेल, त्या शेडमध्ये माझी पेट्रोलची गाडी असायची. रोज सकाळी कामावर निघण्याआधी मुलगा ती सुरू करून तापत ठेवायचा, आणि सूनबाई धावत येऊन माझी खिडकी लावून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी त्याने ती गाडी शेजारच्या दातांच्या डॉक्टरला विकली आणि विजेची आणली. मला न विचारता. (विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. पोरगा हुशार आहे, आईवर गेला आहे.)

तेव्हापासून आमच्या घरात ताटात जेवण कमी आणि वाद जास्त वाढला जातो. चिरंजीवांचं म्हणणं असं, की पेट्रोलच्या गाडीत घातलेल्या पेट्रोलपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकाच्या कामी येतो, बाकीचं नुसतं तापण्यात वाया जातं. विजेच्या गाडीत मात्र घेतलेली बहुतेक वीज चाकालाच मिळते. मी म्हणतो, बाबा रे, ती वीज काय तुझ्या भिंतीत उगवते? आम्ही कोळसा जाळायचो तेव्हा निम्म्याहून जास्त उष्णता आकाशाला अर्पण करायचो, ती कुणाच्या नावावर मांडलीस? तो म्हणतो, ती धरूनही पारडं विजेकडेच झुकतं. मग मी बॅटरीवर येतो. ती बनवायला डोंगर खणतात, आणि विजेची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तीच पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त पाप डोक्यावर घेऊन. तो हे मान्य करतो (हीच त्याची चीड आणणारी सवय) आणि म्हणतो, पण चालता चालता ते पाप फिटतं, आणि उद्या वीज उन्हावर आणि वाऱ्यावर होऊ लागली की आणखी लवकर फिटेल. उद्या! उद्याच्या गोष्टी कुणाला सांगतोय ते तरी बघावं. शेवटी एकदा तो बोलून गेला, की काही झालं तरी धूर दाराशी निघण्यापेक्षा लांब कुठेतरी एका धुराड्यातून निघालेला बरा. मी विचारलं, लांब म्हणजे कुठे? तिथे मी होतो. (तूही होतास, पण तुझं नाव मी घेतलं नाही. वादात तुझा काही उपयोग होत नाही.) त्यावर तो ताटावरून उठून गेला. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे मला तरी कळायला हवं होतं.

आता खरी हकीगत ऐक. मागच्या आठवड्यात मुलगा लांबच्या कामावरून संध्याकाळी परतला. गाडीची बॅटरी तळाला गेलेली. त्याने ती चार्जिंगला लावली आणि घटकाभरात वीज गेली. सकाळपर्यंत माझ्या यंत्राला जोडलेला इन्व्हर्टरही मान टाकू लागला. राखीव सिलिंडर भरायला दिलेला, तो परत आला नव्हता. मुलगा म्हणाला, बाबा, गाडीत थोडं शिल्लक आहे, हॉस्पिटलपर्यंत पुरेल, आत्ताच निघू. आणि मी, विजेत जन्म काढलेला माणूस, मी सबस्टेशनला फोन लावला. मी कोण, कुठे होतो, कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झालो, हे सगळं त्या माणसाला धापा टाकत ऐकवलं. तो म्हणाला, बघतो. एवढ्यावरून मी घरात जाहीर केलं, की तासाभरात वीज येते, मला विजेतलं शिकवू नका. (ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वीज दुसऱ्या दिवशी आली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच.)

मग मुलाने शेडमधून खिडकीवाटे एक लांब वायर आत आणली. त्या गाडीतून म्हणे घराला वीज देता येते. वायर यंत्राला लावली, यंत्र घोरायला लागलं, आणि ज्या गाडीला मी दोन वर्षं शिव्या घातल्या तिच्याच जिवावर श्वास घेऊ लागलो. विचार कर, भोंग्या. पेट्रोलची गाडी खिडकीशी चालू ठेवून कुणाला श्वास देता येत नाही. उलटं काम मात्र ती चोख करते. निदान तेव्हा तरी मी गप्प बसावं की नाही? पण पडलो तरी नाक वर, आणि त्या नाकात नळी. मी म्हटलं, हवेला कोळशाची चव लागतेय. सूनबाई हसली. मुलगा हसला नाही. तो गाडीचं दार उघडं टाकून आत बसला होता, बॅटरीच्या उतरत्या आकड्याकडे बघत, आणि मला खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. त्याच्या लहानपणी त्याला ताप आला की मी असा कधी बसलो होतो का, ते आठवून पाहिलं. आठवेना. पाळीवर असेन.

दुपारी, मी अजून वीज येतेच म्हणत असताना, गाडी संपली आणि यंत्र थांबलं. अॅम्ब्युलन्स निघालीय, निघालीय, असं फोनवर ऐकू येत होतं. कुठून निघाली होती देव जाणे. शेवटी दातांचा डॉक्टर माझीच जुनी गाडी घेऊन दारात आला. मला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मुलाच्या मांडीवर. ज्या गाडीचं मी दोन वर्षं गुणगान गायलं तिच्यात मी स्वर्गात असल्यासारखं पडून राहायला हवं होतं, आणि स्वर्गाचा रस्ताही तोच होता. त्या भल्या माणसाने तिचा सायलेन्सर एकदाही उघडून बघितला नव्हता. (दुसऱ्यांचे दात मात्र रोज बघतो.) धूर सगळा आत. ती खोकायची, मग मी खोकायचो, मग ती. सिग्नलला थांबलो की मला वाटे, आता आधी कोण बंद पडतं तेवढंच बघायचं. मुलाने माझ्या तोंडावर रुमाल धरला होता. यंत्र थांबलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो. त्या गाडीत घाबरलो. तिने पोचवलं हे मात्र खरं. नाहीतर आज तुला माझ्या घरून पत्र आलं असतं, पण अक्षर दुसऱ्याचं असतं.

तर वाद मी जिंकलो. घरी आल्यापासून मुलगा कामापुरतंच बोलतो. जेवताना मी मुद्दाम बॅटरीचा विषय काढला, तर म्हणाला, तुमचं बरोबर होतं, बाबा. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, आणि मी ताट बाजूला सारलं. त्याने विजेची गाडी विकायला काढली आहे. रविवारी गिऱ्हाईक येतंय, आणि पेट्रोलची नवी त्याने बघूनही ठेवली आहे. तुला ऐकून आनंद होईल. मलाही झालाय असं समज.

हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहीत नाही. त्यांनी मला बाहेर बसवून मुलाला आत बोलावलं, यावरून काय ते ओळख. वहिनींना नमस्कार, आणि तू थंड पाणी पिऊ नकोस.

तुझा,
फुंकर

ता. क. : वरचं सगळं विसर. रविवारच्या आत माझ्या मुलाला फोन कर आणि गाडी विकू नको म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस. त्याला वाटेल, म्हातारा समजूत घालतोय. गाडी रिकामी झाली यात त्याची काही चूक नव्हती, तासाभरात वीज येते असं मी म्हणालो होतो. हे त्याला सांगायला मी रोज सुरुवात करतो आणि चौथ्या शब्दाला अडतो. (दमानेच अडतो की कसं, ते तू ठरव.) तुझ्या जावयाने तसलीच गाडी घेतली आणि तो खूश आहे, असं काहीतरी ठोकून दे. खोटं बोलताना तुला कधी धाप लागलेली मी पाहिली नाही. शिवाय तुला ऐकू येत नाही, म्हणजे त्याला उलट वाद घालता येणार नाही.

पुन्हा ता. क. : तू म्हणशील, दोन वर्षं भांडलास आणि आता हे काय. गाडी पर्यावरणासाठी घेतली असं तो सांगायचा. त्याचं पर्यावरण म्हणजे माझी ही खिडकी, हे मला वायर आत आली त्या दिवशी कळलं. माझं आता काय, थोडक्यात आटपेल. पण माझ्यानंतर ही खोली नातीला द्यायची असं ठरलंय. (मला कुणी बोललं नाही, तीच सांगून गेली. भिंतींना रंग कुठला द्यावा हेही माझ्याकडून ठरवून घेतलं. मी पिवळा म्हटलं.) खिडकी एकच आहे, शेडमध्ये उघडणारी, आणि पोरीला खिडकी उघडी ठेवून झोपायची सवय आहे.